पार्किंगचा दंड भरण्याआधी अधिकार विचारा

चुकीच्या जागी लावलेल्या गाडीला दंड झालाच पाहिजे. नाशिकच्या मेनरोडवर किंवा रविवार कारंज्यावर दुहेरी रांगेत लावलेल्या गाड्यांमागे अडकलेली रुग्णवाहिका ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. परंतु दंड करणाऱ्याला तो अधिकार कोणी दिला, हे विचारणाऱ्या माणसाला आपल्याकडे लगेच भांडखोर ठरवले जाते, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे.

कॉलेज रोडवर माझ्या गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या नोटिशीत रक्कम ठळक होती. कलमाचा रकाना मात्र कोरा होता आणि सहीखाली ना नाव होते ना हुद्दा. ‘नो पार्किंग’चा फलक खांबावर होता खरा, पण त्याचा अर्ध्याहून अधिक भाग वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सने झाकलेला होता. फलक, फ्लेक्स आणि गाडी एकत्र दिसतील असे छायाचित्र मी काढून ठेवले आणि रक्कम भरली नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याच्या जागा राज्य शासन किंवा शासनाने प्राधिकृत केलेली यंत्रणा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवते. वाहनतळ उभारणे हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येणारा विषय आहे आणि तेथे शुल्क घेण्याला माझी हरकत नाही. पण शुल्क वेगळे आणि दंड वेगळा. नियमभंगाची सर्वसाधारण शिक्षा सांगणाऱ्या कलम १७७ खालील दंड, जो २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आहे, न्यायालयाबाहेर तडजोडीने वसूल करायचा असेल, तर कलम २०० प्रमाणे तो अधिकार राज्य शासनाने राजपत्रात अधिसूचित केलेल्या अधिकाऱ्याला किंवा यंत्रणेलाच असतो. ठेकेदाराने नेमलेल्या मुलाच्या हातात पावतीपुस्तक दिले म्हणून तो अधिकार त्याच्याकडे जात नाही. गाडी उचलायची किंवा जॅमर लावायचा, तरी कलम १२७ नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते.

‘लोकअदालतीत कमी पैशांत मिटवून टाका’ असा सल्ला मला अनेकांनी दिला. मिटवायचेच असेल त्याच्यासाठी तो मार्ग सोयीचा आहे. पण ज्याला दंडाची वैधताच मान्य नाही, त्याने तेथे तडजोड करू नये, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील करता येत नाही.

त्यामुळे मी संबंधित कार्यालयात लेखी हरकत देऊन आवक शिक्का मारलेली प्रत घेतली आहे आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्जही केला आहे. त्या जागेला नो पार्किंग ठरवणारी अधिसूचना आणि नोटीस देणाऱ्याला अधिकार देणारा आदेश, या दोनच गोष्टी त्यात मागितल्या आहेत. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे. ही दोन्ही कागदपत्रे मिळाली आणि ती नियमाप्रमाणे असली, तर मी त्याच दिवशी रक्कम भरीन. नसली, तर नोटीस रद्द केल्याचे लेखी मिळेपर्यंत मी हरकत मागे घेणार नाही.