कपड्यावरचा चिकटा पाच मिनिटात गायब? त्या फॉरवर्डमधला एकेक दावा बघू

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, बऱ्याचदा सोबत छोटासा व्हिडिओपण असतो. त्यात म्हटलंय की कपड्यावर स्टिकरचा, टेपचा, ग्लूचा, कसलाही चिकटा राहिला असेल तर त्यावर बेकिंग सोडा टाका, वरून व्हिनेगर ओता, फेस आला की ब्रशने जोरात घासा, मग कडकडीत गरम पाणी टाका, तरी राहिलंच तर कागद ठेवून इस्त्री फिरवा, अगदीच हट्टी असेल तर तेल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावा. पाच मिनिटात साफ, कापड कुठलंही असो, रंग जात नाही, आणि सगळं नैसर्गिक, केमिकल अजिबात नाही. (नेलपॉलिश रिमूव्हर नैसर्गिक कधीपासून झालं कोण जाणे.)

आता हे सगळंच्या सगळं खोटं असतं तर प्रश्न नव्हता, एकदा फसले की लोकांनी सोडून दिलं असतं. पण यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या चिकट्यावर, कुठल्या ना कुठल्या कापडावर खरोखर चालतो, म्हणूनच खाली "आमचं निघालं हो" वाले शंभर जण सापडतात आणि ज्यांचा टॉप वाया गेला ते गप्प बसतात. मेसेजमध्ये फक्त कुठला उपाय कशावर तेच सांगितलेलं नाही, आणि नेमकं तेच माहीत असायला हवं.

"कसलाही चिकटा असो, उपाय एकच"

इथेच पहिली गडबड आहे. स्टिकर आणि टेपला जो गम असतो तो सुकून कडक होणारा नसतोच, तो कायम चिकट राहावा असाच बनवलेला असतो, दाबला की धरतो. त्यातही ढोबळ दोन जाती, एक रबरवाला (डक्ट टेप, बरेचसे पॅकिंग टेप) आणि एक अॅक्रिलिक (बरीचशी लेबलं आणि पारदर्शक टेप). पांढरा गोंद, म्हणजे फेविकॉलसारखा, तो पीव्हीए नावाच्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, पाण्यातून येतो आणि पाणी उडालं की घट्ट होतो. ग्लू गनची कांडी म्हणजे वितळणारं प्लास्टिक. सुपरग्लू हवेतल्या आणि कापडातल्या ओलाव्यानेच पक्का होतो. आणि दोन ट्यूब मिक्स करून लावायचा इपॉक्सी एकदा पक्का झाला की विरघळतच नाही, त्याच्यावर घरातलं काहीही चालत नाही, उगाच कापड खराब करू नका.

म्हणजे पाच वेगळे पदार्थ, एक पाण्याने ढिला पडणारा, एक तेलाने, एक उष्णतेने, एक अॅसिटोनने (नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा असतं ते) आणि एक कशानेच नाही. यांना एकच उपाय कसा लागू होईल? तर कपडा हातात घेतल्यावर पहिला प्रश्न "काय लावू" हा नको, "हे काय लागलंय" हा हवा. आठवत नसेल तर बोट लावून बघा, चिकटतंय आणि मळ धरून करडं झालंय तर स्टिकर किंवा टेपचा गम, कडक आणि काचेसारखं लागतंय तर बहुतेक सुपरग्लू, मेणचट जाड थेंब असेल तर ग्लू गन.

"व्हिनेगर + बेकिंग सोडा = फेस चिकटा उचलून बाहेर काढतो"

दिसायला भारी आहे हे मान्य. पण तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोड्याच्या बाटलीत असतो तोच. व्हिनेगर हे अॅसिड आणि बेकिंग सोडा अल्कली, दोघं भेटले की एकमेकांना संपवतात, आणि फेस बसल्यावर खाली उरतं ते सोडियम अॅसिटेट विरघळलेलं पाणी. म्हणजे व्हिनेगरमध्ये जो काही दम होता तो तुम्हीच सोडा घालून घालवला. मुळात घरच्या व्हिनेगरमध्ये अॅसेटिक अॅसिड साधारण ४ ते ५ टक्के, बाकी बहुतेक पाणीच, आणि रबर किंवा अॅक्रिलिक गमला पाण्याने काही फरक पडत नाही.

मग लोकांचं निघतं कसं? स्टिकरचा वरचा कागद भिजतो आणि सुटतो, तो साध्या पाण्यानेपण सुटला असता. नंतर तो कपडा मशीनमध्ये डिटर्जंटने धुतला जातो, थोडं तिथे जातं. क्रेडिट मिळतं फेसाला. व्हिडिओमध्ये तर स्टिकर आपल्यासमोर लावतात आणि लगेच काढतात, अहो आत्ताच लावलेला स्टिकर नखानेपण निघतो, खरी परीक्षा धुऊन वाळवून आठवडा झालेल्या चिकट्याची असते.

व्हिनेगरचा एक खरा उपयोग आहे तो सांगतो, सुकलेला पांढरा गोंद कोमट व्हिनेगरने मऊ पडतो. पण मग नुसतं व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवा, सोडा नको.

"पाणी जितकं गरम तितकं चांगलं"

हा दावा सगळ्यात जास्त कपडे घालवतो असं माझं मत आहे. टेपचा गम गरम झाला की पातळ होतो, आणि काचेच्या बरणीवर असेल तर ते फायद्याचं कारण काचेला आत शिरायला जागा नाही, गम वरच्या वर पुसून निघतो. कापड म्हणजे धाग्यांची जाळी आणि प्रत्येक धागा परत बारीक तंतूंचा, पातळ झालेला गम त्या फटींमध्ये उतरतो आणि गार झाला की आतच धरून बसतो. आधी वर होता, आता आरपार गेला. कपडे वाळवायच्या ड्रायरचं तेच, किंबहुना जास्त वाईट कारण तिथे उष्णता बराच वेळ मिळते. म्हणून चिकटा पूर्ण गेलाय याची खात्री होईपर्यंत गरम पाणी नाही, ड्रायर नाही, सावलीत वाळवा आणि वाळल्यावर परत बोट लावून बघा, कारण ओल्या कापडावर चिकटपणा कळत नाही.

याच्या उलट जे करायला पाहिजे ते मेसेजमध्ये नाहीच, गार करा. कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा किंवा डागावर बर्फ धरा, गम कडक होतो, मग बोथट सुरीने, चमच्याच्या कडेने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून जेवढं वर आहे तेवढं काढून घ्या. जाड थर असेल तर हे मस्त चालतं, ग्लू गनचे थेंब तर कधीकधी अख्खे उचलून येतात. पातळ पसरलेल्या थरावर मात्र बर्फाचा फारसा उपयोग नाही, उगीच अर्धा तास धरून बसू नका. आणि मजेची गोष्ट म्हणजे या गमला गारवा आणि वेग सारखेच वाटतात, सावकाश ओढलं तर तो द्रवासारखा ताणला जातो आणि अर्धा मागे राहतो, झटक्यात ओढलं तर घट्ट पदार्थासारखा वागून स्वच्छ सुटायची शक्यता जास्त. अर्थात हे मजबूत विणीच्या कापडाला, लेस किंवा विणलेल्या स्वेटरला झटका देऊन धागा ओढून घेऊ नका.

हां, पांढरा गोंद असेल तर कोमट पाण्यात भिजवणं बरोबरच आहे, तिथे पाणीच औषध.

"कागद ठेवून इस्त्री फिरवा"

ही युक्ती मेणासाठी आहे, तिथून उचलून इथे चिकटवली. मेण वितळून पातळ होतं आणि कागद ते शोषतो. ग्लू गनच्या ग्लूलापण बऱ्यापैकी लागू होते कारण तोही वितळतो. पण स्टिकरचा गम कागदात जात नाही, कापडातच मुरतो, शिवाय थोडा इस्त्रीच्या तव्याला लागतो आणि पुढच्या शर्टावर जातो. आणि इस्त्रीवरचे ठिपके बघून ठेवा, एक ठिपका साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. नायलॉनसारख्या सिंथेटिक कापडावर तीन ठिपक्यांची इस्त्री धरली तर कापड चकाकतं किंवा सरळ वितळतं, तिथे डागाचा प्रश्नच संपला.

"नेलपॉलिश रिमूव्हर सगळ्या कापडांवर सेफ"

नाही, नाही आणि नाही. रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा अॅसिटोन असतं, आणि अॅसिटेटचं कापड अॅसिटोनमध्ये विरघळतं, ट्रायअॅसिटेटचंही खराब होतं. डाग जात नाही, तिथलं कापडच जातं, भोक पडतं. कोट-जॅकेटचं चमकदार अस्तर बरेचदा अॅसिटेटचं असतं, वरून रेशीम वाटतं, म्हणून आतलं लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडायचीच नाही. प्लास्टिकची बटणं, टिकल्या, टी-शर्टवरची छपाई यांचंही तेच. शिवाय बाजारातल्या रिमूव्हरमध्ये रंग, सुगंध, तेल घातलेलं असतं, त्याचा वेगळा डाग. "अॅसिटोन फ्री" लिहिलेल्या बाटलीत दुसरं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं द्रव, असतं, त्यामुळे तीही डोळे झाकून वापरायची गोष्ट नाही.

अॅसिटोनची खरी जागा म्हणजे सुकलेला सुपरग्लू, कॉटन किंवा पॉलिस्टरवर, आतल्या शिवणीवर ट्राय करून, खिडक्या उघड्या ठेवून, जवळपास गॅस किंवा ज्योत नसताना. सुपरग्लू ओला असताना मात्र कापूस, टिश्यू, काही लावू नका. कॉटन आणि लोकरीवर तो इतक्या झपाट्याने पक्का होतो की चांगलाच तापतो, धूर येऊ शकतो, खाली त्वचा असेल तर भाजतं. कपडा अंगावर असेल तर आधी अंगापासून लांब धरा, सुकू द्या, मग बघा.

"तेल लावा, लगेच सुटतं"

हे बऱ्यापैकी खरं आहे, आणि सगळ्या मेसेजमधला हाच मला पटलेला भाग, पण अर्धाच सांगितलाय. रबरवाला गम तेलाने फुगतो, मऊ पडतो आणि सुटतो. खायचं तेल, बेबी ऑइल, काहीही चालेल, थोडंसं लावून दहापंधरा मिनिटं मुरू द्या आणि मग टिपा. पण आता चिकट्याच्या जागी तेलाचा डाग आहे, तो कोण काढणार? त्यावर भांडी घासायचं लिक्विड थेट, पाणी न घालता, बोटाने चोळायचं, थोडं थांबायचं, मग धुवायचं, लागलं तर दोनदा. रेशमावर तेल लावूच नका. आणि तेल पूर्ण निघाल्याशिवाय ड्रायरमध्ये टाकायचं नाही हे परत सांगतो, कारण यावेळी प्रश्न डागाचा नाही, वनस्पती तेल राहिलेले कपडे ड्रायरमधून काढून गरमच ढीग करून ठेवले तर तेलाची हवेतल्या ऑक्सिजनशी रिअॅक्शन होऊन ढीग आतून तापत जातो आणि आग लागू शकते, लागलेल्याही आहेत.

अॅक्रिलिक गमवर तेल कमी पडतं, तिथे रबिंग अल्कोहोल, म्हणजे ७० टक्क्यांच्या आसपासचं आयसोप्रोपिल. तेलाचा डागही पडत नाही, उडून जातं. सॅनिटायझर चालतं का, तर नाइलाज असेल तर चालतं, पण जेलवाल्यात घट्टपणासाठी घातलेलं बाकीचं सामान मागे राहतं ते धुवावं लागतं. अल्कोहोलची अडचण रंगाची, काही रंग त्यात उतरतात, म्हणून आतल्या दुमडीवर एक थेंब टाकून पांढरं फडकं दाबा, फडक्याला रंग लागला तर विषय संपला. आणि हेपण पेट घेणारं आहे, अॅसिटोनसारखीच काळजी.

"ब्रशने जोरात घासा"

घासल्याने चिकटा पसरतो आणि कापडाचे तंतू उभे राहतात, गडद रंगाच्या कपड्यावर तर तिथे कायमचा फिकट पॅच दिसतो आणि मग लोक म्हणतात डाग गेला नाही, गेलाय हो, रंग गेलाय. डाग असलेली बाजू खाली करून जुन्या स्वच्छ फडक्यावर ठेवा, मागच्या बाजूने तेल किंवा अल्कोहोल लावा, म्हणजे गम जिकडून आला तिकडेच खालच्या फडक्यात उतरेल. फडकं सारखं सरकवत राहा, नाहीतर काढलेला गम परत त्यालाच लागतो. पुढून टिपायचं असेल तर कडेकडून मध्याकडे.

"नैसर्गिक आहे, नुकसान होणारच नाही"

संत्र्याच्या सालीत लिमोनिन असतं, शंभर टक्के नैसर्गिक, गम काढायला उत्तम, आणि थर्माकोललापण विरघळवतं. नैसर्गिक असण्याचा आणि सौम्य असण्याचा काही संबंध नाही. यापेक्षा जास्त या दाव्यावर लिहिण्यासारखं नाही.

फक्त या मेसेजच्या एका व्हर्जनमध्ये शेवटी "राहिलेल्या डागावर ब्लीच टाका" असं आहे ते मात्र गंभीर आहे. ब्लीच गम काढत नाही, फक्त रंग काढतं, आणि आधी व्हिनेगर ओतलेल्या कापडावर ब्लीच गेलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये हे धोक्याचं आहे. अॅसिटोन आणि अल्कोहोलबरोबरही ब्लीच नको, त्यातूनही विषारी पदार्थ तयार होतात.

"ड्रायक्लीनरकडे जायची गरजच नाही"

कॉटनच्या टी-शर्टसाठी नाहीच. रेशीम, लोकर, मखमल, अॅसिटेट यांच्यासाठी सरळ जा. लेबलवर गोलात पी लिहिलेलं असेल तर तो कपडा परक्लोरोइथिलीनमध्ये ड्रायक्लीन करता येतो, हे सॉल्व्हंट आहे, पाणी नाही, म्हणून जिथे आपलं साबण-पाणी हरतं तिथे ते चालतं. गोलात एफ असेल तर त्याहून सौम्य, पेट्रोलियमवालं. गोलावर फुली असेल तर ड्रायक्लीनपण नाही. देताना डाग दाखवा, कशाचा आहे ते सांगा, आणि घरी काय काय लावून झालंय तेही न लाजता सांगा, कारण तेल लावून तसाच दिलेला आणि इस्त्री मारून दिलेला डाग त्यांना वेगळ्या पद्धतीने काढावा लागतो.