किती आले?

२०२१ मध्ये न्यू जर्सीत कोरोनाची लस टोचल्यावर १५ मिनिटे खुर्चीत बसवून ठेवत आणि दोन खुर्च्यांमध्ये ६ फूट अंतर सोडत. तेव्हा एकदा शेजारच्या खुर्चीत महाराष्ट्र मंडळातले एक काका येऊन बसले आणि मास्कमधून ऐकू जावे म्हणून त्यांनी खणखणीत आवाजात विचारले, "काय हो, ते सरकारी पैसे तुम्हाला किती आले?"

हा प्रश्न मुळीच निरुपद्रवी नव्हता. कोरोनाच्या संकटात मदत म्हणून अमेरिकी सरकारने मार्च २०२० च्या कायद्याने पती-पत्नीला प्रत्येकी १,२०० आणि १७ वर्षांखालील प्रत्येक मुलामागे ५०० डॉलर दिले. मात्र जोडप्याचे वार्षिक उत्पन्न १,५०,००० च्या वर गेले, की वरच्या दर १०० डॉलरमागे ५ कापले. थोडक्यात, आलेला आकडा सांगितला की पगार सांगितलाच. मी विषय बदलण्याआधीच पलीकडून बायकोने "२,८५०" असे सांगून टाकले.

काकांनी फोनवर कॅल्क्युलेटर उघडला. "मुलं दोन, म्हणजे यायला हवे होते ३,४००. कापले ५५०. गुणिले वीस, अकरा हजार. म्हणजे एक लाख एकसष्ट!" पुढच्या रांगेतल्या दोन मराठी माना वळल्या. "पण हे झालं २०१९ च्या उत्पन्नावरून. २०२० मध्ये पगार वाढला असेल, तर जादाचे परत करावे लागतील. व्याजासकट!"

नव्हते लागत. २०२० च्या कर-विवरणपत्रानुसार रक्कम कमी मिळाली असे निघाले तर सरकार फरक देत होते, जास्त मिळाली असे निघाले तर सोडून देत होते. परत करायचे होते ते अनिवासी करदात्यांसारख्या मुळातच अपात्र असलेल्यांनी. हे मी समजावून सांगितले, तर काकांच्या जावयाचा सीपीए, म्हणजे कर-हिशेब पाहणारा लेखापाल, म्हणे वेगळेच सांगतो.

तक्रार करायचीच तर माझ्या सहकाऱ्याने करावी. त्याची बायको एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा), तिला सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) नाही, कर-विवरणपत्र दोघांचे एकत्र भरलेले. एवढ्यावरून त्या घरात, इथेच जन्मलेल्या बाळासकट, एक डॉलरही आला नाही. डिसेंबर २०२० मध्ये कायदा सुधारून नवऱ्याचा आणि बाळाचा वाटा मान्य झाला, बायकोचा नाहीच. पगारातून कर मात्र दर वेळी बिनचूक कापला जात होता.

"आणि यंदाच्या मार्चचे?" काकांनी विचारले.

मार्च २०२१ च्या कायद्यात १,५०,००० पर्यंत कमावणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला ५,६०० आणि १,६०,००० ला शून्य, असा सरळ कडेलोट होता. मी नाइलाजाने "काही नाही" म्हणालो.

"म्हणजे एक लाख साठच्या वर," काका समाधानाने म्हणाले, "जुळलं!"