चमकती कोर आणि ‘मुंबई संपवणारे’ इलेक्ट्रॉन

चेंबूरकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरतोय: काळोखात चमकणारी, चंद्रकोरीसारखी कोर. खाली मजकूर, ‘फ्यूजन भट्टीत सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या झोताचा हा खरा आकार. असा झोत सुटला की भट्टी फुटते. ट्रॉम्ब्यात आली तर मुंबई संपली!’

मुंबईचं आधी उरकतो. अशा फ्यूजन भट्टीला, म्हणजे तापून विद्युतभारित झालेला वायू (प्लाझ्मा) चुंबकांनी कोंडून ठेवणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्राला, टोकामॅक म्हणतात. आपले टोकामॅक, आदित्य-यू आणि एसएसटी-1, गांधीनगरला आहेत. आणि टोकामॅक बॉम्बसारखा फुटत नाही. आत इंधन ग्रॅमच्या हिशेबात, प्लाझ्मा बिघडला की विझतो.

धोका आहे, पण तो यंत्राच्या भिंतीला. प्लाझ्मा अचानक थंडावला की त्याचा रोध वाढतो, प्रवाह घसरतो आणि त्यातून जबर विद्युतक्षेत्र उभं राहतं. इलेक्ट्रॉनाचा वेग जितका जास्त तितका टकरींचा अडथळा कमी, म्हणून काही जण सुटतात ते थेट प्रकाशवेगाजवळ पोचतात. त्यांना म्हणतात रनअवे इलेक्ट्रॉन. इंग्लंडमधल्या जेट यंत्रात त्यांनी बेरिलियमच्या फरशा वितळवल्या आहेत.

आता तो ‘खरा आकार’. फॉरवर्ड सगळ्यात जास्त घसरतो तो इथे. चुंबकीय क्षेत्रात वळताना हे इलेक्ट्रॉन सिंक्रोट्रॉन प्रकाश फेकतात, तोही फक्त पुढे, अरुंद शंकूत. 25 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या ऊर्जेला शंकूचा अर्धा कोन साधारण 1 अंश. वळणावरच्या लोकलचा हेडलाइट आपल्याकडे रोखला गेला तरच डोळ्यांवर येतो, तसंच हे. झोत यंत्रभर गोल फिरत असला तरी डाग दिसतो एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूचे इलेक्ट्रॉन लेन्सपासून लांब चाललेले असतात. कोर दिसणार की ठिपका, हे झोताच्या रुंदीबरोबरच इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्ररेषेशी किती कोन करून धावतात आणि कॅमेरा कुठे बसवलाय यावरही ठरतं. म्हणून संशोधक उलटीकडून येतात: ऊर्जा आणि कोनांचं एक वाटप (किती इलेक्ट्रॉनांची ऊर्जा किती, कोन किती) धरायचं, संगणकावर त्याचं चित्र काढायचं, खऱ्या चित्राशी ताडायचं. खरी डोकेदुखी अशी की वेगळ्या वाटपांतूनही जवळजवळ तेच चित्र निघू शकतं. मग वर्णपट, ध्रुवण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा), क्ष-किरण अशी इतर मोजमापं जोडीला घ्यावी लागतात.

फॉरवर्डखाली एका शहाण्याची भर: ‘चमक नाही म्हणजे झोत नाही.’ हेही चूक. ऊर्जा आणि कोन वाढले की प्रकाश झपाट्याने वाढतो, त्यामुळे चित्रावर मूठभर इलेक्ट्रॉनांचीच छाप पडते. कमी ऊर्जेचे बाकीचे अंधारातच राहतात. शिवाय पुष्कळदा हा प्रकाश अवरक्तात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये असतो. जर्मनीतल्या टेक्स्टर यंत्रावर तो टिपला गेला तोही अवरक्तातच; त्यावरचा शोधनिबंध 1990 चा. तेव्हा साध्या कॅमेऱ्याचं चित्र काळं आलं तरी आत झोत असू शकतो.