१५० ग्रॅम प्रोटीन कुणी सांगितलं तुम्हाला?

हल्ली दुकानात गेलं की प्रोटीन नसलेली वस्तू शोधावी लागते. प्रोटीनचं दूध, प्रोटीनचा पाव, प्रोटीनची कुल्फी, परवा तर प्रोटीनवाले कुरमुरे बघितले आणि किंमत बघून परत ठेवले. रील्सवर एक शर्ट न घातलेला मुलगा ओरडून सांगत असतो की तुमच्या आईचं जेवण म्हणजे नुसते कार्ब्स, आणि खाली कमेंटमध्ये दुसरी पार्टी की आमचे आजोबा भाकरी-ठेचा खाऊन नव्वदीपर्यंत जगले, सगळं थोतांड आहे. मला दोघांचाही कंटाळा आलाय म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही, घरात स्वयंपाक करणारी आणि आकड्यांची खाज असलेली बाई आहे एवढंच.

सुरुवात माझ्या भाच्यापासून. वजन ६८ किलो, दिवसभर खुर्चीत बसून काम, संध्याकाळी तासभर जिम. ट्रेनरने सांगितलं रोज १५० ग्रॅम प्रोटीन पाहिजेच आणि लगोलग पावडरचा डबा पण गळ्यात मारला. हा १५० आला कुठून? तर ६८ किलो म्हणजे बरोब्बर १५० पाऊंड. अमेरिकेतल्या बॉडीबिल्डिंगवाल्यांचा जुना हिशोब आहे, दर पाऊंडाला एक ग्रॅम. लक्षात ठेवायला सोपा म्हणून चालला, बाकी त्यामागे फार काही नाही. तेच आपल्याकडे किलोत आणलं की २.२ ग्रॅम होतं, आणि मग डाळ-भात खाणारा पोरगा कॅल्क्युलेटर घेऊन बसतो आणि रडकुंडीला येतो.

खरा आकडा आपल्याच देशात काढून ठेवलाय. हैदराबादची एनआयएन, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्था आणि आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, यांनी २०२० साली सुधारित तक्ते काढले त्यात मोठ्या माणसाला दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम असं दिलंय. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला ४६ च्या आसपास. डब्ल्यूएचओचा आकडाही हाच आहे. आणि यातली गंमत कुणी सांगत नाही ती ही की सरासरी माणसाची गरज ०.६६ च आहे, ०.८३ ला वरची पट्टी लावलीय म्हणजे जवळपास सगळे त्यात बसावेत. त्यामुळे एखाद्याचं खाणं ०.८३ च्या खाली गेलं म्हणून लगेच तो "प्रोटीन डेफिशियंट" होत नाही, हे जाहिरातवाल्यांनी कृपया ऐकावं.

पण (आणि इथे आजोबावाल्यांनी ऐकावं) हा ०.८३ चांगल्या प्रतीच्या प्रोटीनचा आकडा आहे, म्हणजे अंडी, दूध, मासे असलं काहीतरी धरून. आपलं ताट धान्यावर चालतं. गहू, ज्वारी, तांदूळ यांच्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल (म्हणजे प्रोटीन ज्या विटांनी बनतं त्यातली एक वीट) कमी, ज्वारीचं प्रोटीन तर पचायलाही जरा चिवट. डाळींमध्ये लायसिन भरपूर पण दुसरं एक, मेथिओनिन, कमी. दोन्ही एकत्र खाल्लं की एकमेकांची भरपाई होते, वरण-भात काय किंवा भाकरी-पिठलं काय, पण तरीही शाकाहारी माणसाने हिशोब दर किलोला १ ग्रॅम धरावा हे बरं. ६० किलो वजन तर ६० ग्रॅम. लक्षात ठेवायलाही सोपं.

आता "ॲक्टिव्ह" म्हणजे काय. सोसायटीच्या गार्डनमध्ये पाऊण तास चालणं आणि त्यातले वीस मिनिटं बाकावर बसून गप्पा, याने प्रोटीनची गरज काही फारशी वाढत नाही हो. चालणं उत्तमच आहे, मी पण चालते, पण त्याला १ ग्रॅम पुरे. जे खरंच वजनं उचलतात, डोंगर चढतात, पळतात, शेतात राबतात, त्यांनी दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅममध्ये कुठेतरी असावं. २०१८ मध्ये ४९ ट्रायल्स एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं, वजनं उचलणाऱ्या लोकांवरचं, त्यात असं दिसलं की १.६ च्या वर प्रोटीन वाढवून सरासरीने स्नायू आणखी वाढत नाहीत. म्हणजे भाच्याला अगदी मनापासून जिम करायची असली तरी ११० ग्रॅमच्या आत काम होतं, आणि ज्या वेगाने तो जिम करतो त्याला ८० सुद्धा चालेल (हे त्याला सांगितलं तर राग आला). जास्तीचं प्रोटीन शरीर साठवून ठेवत नाही, चरबीसारखी त्याची कोठी नसते. त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो आणि उरलेलं इंधन म्हणून जळतं किंवा खाणंच जास्त असेल तर चरबीत जातं. महागडं इंधन.

तर मग आपण खातो किती? मी एक दिवस किचनमधला वजनकाटा घेऊन बसले, घरच्यांनी चेष्टा केली ती वेगळी. आमटीपासून सुरुवात केली कारण सगळ्यांचा विश्वास असतो की "आम्ही रोज डाळ खातो". चौघांसाठी कुकरला लावलेली तूरडाळ भरली १०० ग्रॅम. तूरडाळीत साधारण २२ टक्के प्रोटीन. म्हणजे २२ ग्रॅम, भागिले चार, माणशी साडेपाच. ती वाटीभर पिवळीधमक आमटी, वर कोथिंबीर, चिंच-गूळ, तिच्यात साडेपाच ग्रॅम. आणि पाहुणे आले की आपण काय करतो, पाणी वाढवतो. बाकीचं बघा, पोह्यांची एक प्लेट शेंगदाण्यासकट ६, दोन वेळच्या मिळून चार पोळ्या १२, भाज्या दोन्ही वेळच्या मिळून ४ धरा, मूदभर भात अडीच, दोन चहातलं दूध ३, वाटीभर ताक २, संध्याकाळचा चिवडा २. बेरीज सदतीसच्या आसपास. माझं वजन ६०. कमी पडतायत बावीस-तेवीस ग्रॅम, ११० कुठे आणि हे कुठे.

इथे आजोबांचा मुद्दा येतो आणि तो खोटा नाहीये. पां. वा. सुखात्मे हे नाव आता फारसं कुणाला आठवत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, मोठे संख्याशास्त्रज्ञ, रोमला एफएओमध्ये, म्हणजे युनोच्या अन्न आणि शेती संघटनेत, संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते, नंतर पुण्यात येऊन काम केलं. १९६८ मध्ये युनोने जगावर प्रोटीनचं संकट येतंय असा रिपोर्ट काढला होता, प्रोटीन वाढवलेली खास पीठं वगैरे गरीब देशांना द्यायची चर्चा होती, आणि त्याच सुमाराला सुखात्मे आकडे मांडून सांगत होते की भारतातली अडचण प्रोटीनची नाही, पोट भरण्याची आहे. पोटभर भाकरी-डाळ मिळाली की प्रोटीन आपोआप पुरतं, आणि पोट अर्धवट असेल तर वरून दिलेलं प्रोटीन शरीर सरळ जाळून टाकतं. १९७४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तर या सगळ्या प्रोटीन मोहिमेला फियास्को, म्हणजे पार फजिती, म्हणणारा लेख आला.

आणि ते बरोबरच होतं, त्या ताटाला. दिवसभर औत धरणारा माणूस पाच भाकरी खायचा, एका भाकरीला ८०-९० ग्रॅम पीठ, नुसत्या भाकरीतूनच चाळीसभर ग्रॅम, वर हुलग्याचं माडगं नाहीतर डाळ, कांदा, घरचं दूध असेल तर तेही. झाले की साठ. आता आपण काय केलं, मेहनत गेली म्हणून पाच भाकऱ्यांचे दोन फुलके झाले, बरोबरच केलं नाहीतर पोट सुटलं असतं (तसं ते सुटलंच आहे). पण प्रोटीनची किमान गरज ठरते वजनावर, ती मेहनत गेली म्हणून निम्मी होत नाही. भाकरी कमी केली आणि आमटी तेवढीच पातळ ठेवली, सगळी भानगड इथे आहे. आजोबांचं उदाहरण द्यायचं तर आजोबांएवढ्या भाकऱ्या खाऊन आणि त्या जिरवून दाखवा आधी.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे की ताटात दाट वाढा. आमटी घट्ट करा, शंभराची दीडशे ग्रॅम डाळ लावा. मटकीची उसळ तोंडी लावण्यापुरती न घेता भरलेली वाटी घ्या, ४० ग्रॅम कोरड्या मटकीत आठेक ग्रॅम मिळतात, पोळी एक कमी खा. झुणका पिठल्यापेक्षा बरा कारण बेसन जास्त आणि पाणी कमी. मुगाची धिरडी, चवळी, छोले, काहीही. सोया चंक्स मला स्वतःला रबरासारखे लागतात पण आकड्यात त्यांना तोड नाही, निम्मं वजन प्रोटीनच, २५ ग्रॅम कोरडे चंक्स रश्शात टाकले तरी १३ ग्रॅम. दोन अंडी बारा. मूठभर फुटाणे सहा-सात. शेंगदाण्याला लोक प्रोटीनचा राजा वगैरे म्हणतात, आहे प्रोटीन, पण जवळजवळ निम्मं तेल आहे त्यात, त्यामुळे कूट चमच्याने घ्या, वाटीने नको. डाळी वातूळ म्हणून टाळणाऱ्यांनी नीट भिजवा, भिजवल्याचं पाणी फेकून द्या आणि हळूहळू वाढवा, एकदम पावट्यावर उडी मारू नका.

मांसाहारी मंडळी छाती फुगवून वाचत असतील तर त्यांच्यासाठी पण आहे. आपल्याकडे नॉनव्हेज खाणारी घरं म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही, श्रावण पूर्ण बंद. आणि ज्या दिवशी असतं त्या दिवशी आपण रस्सा ओरपतो. तांबडा पांढरा कितीही वाट्या प्या, प्रोटीन फोडींमध्ये आहे आणि फोडी ताटात तीन येतात. बांगड्यावाले मात्र सुखी, शंभर ग्रॅम गरात वीसेक ग्रॅम मिळतं. सुकट-बोंबील तर सुकवल्यामुळे आणखीच दाट. उपासाला तर सगळ्यांचीच बोंब, साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य, खिचडीत जे काय आहे ते दाण्याच्या कुटाचं. उपासाला मोठी वाटी दही घ्या, देव रागावणार नाही.

पावडरीबद्दल विचारणारच आहात. व्हे म्हणजे चीज करताना दुधाचं जे पाणी सुटतं त्यातलं प्रोटीन वाळवून केलेली भुकटी. विष नाही, औषध नाही. ज्याला वेळ नाही, भूक नाही, त्याला सोयीचं. माझा आक्षेप डब्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे यावर आहे. प्रोटीन मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं, कारण प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. आता यंत्राला काय कळतंय तो नायट्रोजन कुठून आला, स्वस्तातलं एखादं अमिनो आम्ल टाकलं तरी आकडा वाढतो. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन हे नायट्रोजन भरपूर असलेलं रसायन घालून हीच फसवणूक झाली आणि लहान बाळं गेली त्यात. आपल्याकडे केरळमधल्या डॉक्टरांच्या गटाने २०२४ मध्ये ३६ पावडरी तपासल्या, त्यातल्या २५ डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. त्यापेक्षा पनीर आणा, ते निदान दिसतं तरी.

किडनीचं म्हणाल तर निरोगी किडनी असलेल्या माणसाला १ किंवा १.२ ग्रॅमने काही होत नाही, ती भीती काढून टाका. पण ज्यांची किडनी आधीच खराब आहे त्यांचा हिशोब पूर्ण वेगळा आहे, आणि डायबेटिस-बीपी असेल तर किडनी गुपचूप बिघडलेली असू शकते, तेव्हा आहार बदलायच्या आधी रक्तातल्या क्रिएटिनिनची (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि लघवीची तपासणी करून डॉक्टरांना विचारा. हे फेसबुकवर विचारू नका, मला तर अजिबात नको.

आणि रागाचा मुद्दा शेवटी ठेवलाय. ही सगळी प्रोटीनची चर्चा पंचविशीतल्या मुलांभोवती चाललीय, ज्यांना मुळात भूकही लागते आणि खायलाही मिळतं. ज्यांना खरंच कमी पडतंय त्यांना कुणी रील बनवून विकत नाही. सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसणाऱ्या बायका, ज्यांच्या वाट्याला उसळीचा फक्त रस्सा येतो आणि दही संपलेलं असतं. आणि साठी-सत्तरीची माणसं. वय वाढलं की स्नायू झिजतात आणि तेवढ्याच प्रोटीनचा उपयोग शरीर कमी करून घेतं, म्हणून पासष्टीनंतर दर किलोला १ ते १.२ घ्यावं असं आता तज्ज्ञांचे गट सांगतात, आणि आपल्या घरात काय होतं की दात नाहीत, भूक नाही, "मला रात्री काही नको, दूध-पोळी दे थोडी". माझी आई तेच करायची. तिला सांगून काही उपयोग नाही हे माहीत होतं म्हणून मी गुपचूप मूगडाळीची धिरडी आणि घट्ट दही सुरू केलं, सकाळच्या उपम्यात पनीर कुस्करून टाकते, आणि फिजिओने सांगितल्याप्रमाणे ती खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करते, कारण स्नायूंना काम नाही दिलं तर नुसतं प्रोटीन घालून काही उपयोग नाही. उठ-बस करताना मला शिव्या घालते. धिरडी आवडलीत पण, आता स्वतःच मागते, सोबत लोणचं पाहिजे म्हणते, आणि ते बीपीमुळे मी देत नाही यावरून रोज वाद असतो.