‘फ्री जॅझ म्हणजे देवाच्या नावाखाली गोंगाट’? नाही

संगीतप्रेमींच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: १९६० च्या दशकातल्या फ्री जॅझमध्ये, म्हणजे ठरलेले ठेके नि चौकटी सोडून मोकळेपणाने वाजवलेल्या जॅझमध्ये, अध्यात्म शोधू नका. ज्यांना धड वाजवता येत नव्हतं, त्यांनी सॅक्सोफोनमधून किंकाळ्या काढल्या. ‘स्पिरिच्युअल’ हे लेबल मागाहून लागलं, भारतीय नावं फॅशन म्हणून आली आणि खरी प्रार्थना शांतच असते. या संगीताने मला खूप दिलं आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

वाजवता येत नव्हतं, हे तर लगेच निकालात निघतं. फ्री जॅझचा सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलर याने २४ फेब्रुवारी १९६४ ला कृष्णवर्णीयांची जुनी भक्तिगीतं ध्वनिमुद्रित केली, जवळजवळ जशीच्या तशी, चाल कुठेही न मोडता. ‘स्पिरिच्युअल युनिटी’ या त्याच्या फ्री जॅझ रेकॉर्डच्या ध्वनिमुद्रणाची तारीख १० जुलै १९६४. म्हणजे साडेचार महिन्यांत माणूस वाजवायचं विसरला? त्यातलं ‘घोस्ट्स’ ऐका. सुरुवातीची धून एखाद्या लहान मुलालाही गुणगुणता येईल इतकी साधी आहे. मग ती फाटत, ताणत, थरथरत जाते आणि शेवटी पुन्हा तीच धून परत येते.

लेबल मागाहून लागलं, हे मात्र सरळसरळ खोटं आहे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं चार भागांचं ‘अ लव्ह सुप्रीम’ ९ डिसेंबर १९६४ ला न्यू जर्सीत ध्वनिमुद्रित झालं. रेकॉर्डच्या वेष्टनावर कोल्ट्रेनने स्वतः लिहिलं की १९५७ मध्ये देवाच्या कृपेने आपल्याला जाग आली. सोबत त्याने स्वतःची एक प्रार्थनाही छापली. ती प्रार्थना समोर ठेवा, चौथा भाग ‘साम’ (इंग्रजी Psalm, म्हणजे स्तोत्र) लावा आणि ओळींवर बोट फिरवत चला. सॅक्सोफोन तीच प्रार्थना म्हणतो आहे, एकेका अक्षराला एकेक सूर देत. ‘थँक यू गॉड’ हे शब्द आले की सूर बहुतेक वेळा खाली उतरून स्थिरावतो. मागे ड्रमवादक एल्विन जोन्सचे टिंपनी ढोल घुमतात, पण ठरलेला ठेका नाही. पहिल्यांदा हे बोटाखाली जुळलं तेव्हा मी रेकॉर्ड थांबवली आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

अख्खं ‘अ लव्ह सुप्रीम’ फ्री जॅझ नाही, हे मान्य. पण २८ जून १९६५ चं त्याचंच ‘असेन्शन’ आहेच: अकरा वादक, चाळीसेक मिनिटं, आणि सुरुवातीलाच ‘अ लव्ह सुप्रीम’च्या मूळ सुरावटीशी नातं सांगणारी सुरावट. त्याच वर्षी नोव्हेंबरमधल्या ‘मेडिटेशन्स’च्या पहिल्या भागाचं नाव आहे ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा’. ही नावं मागाहून कुणी चिकटवलेली नाहीत.

फॅशनचा मुद्दा थोडक्यात. कोल्ट्रेनच्या ‘ओम’ या रेकॉर्डमध्ये गीतेच्या नवव्या अध्यायातल्या ओळी म्हटल्या आहेत, ‘अहं क्रतुरहं यज्ञः’ या श्लोकाच्या इंग्रजी भाषांतरातल्या. ही रेकॉर्ड मला त्याच्या उत्तम कामांत धरवत नाही, पण मन लावून केलेलं काम फसलं तरी ते ढोंग ठरत नाही. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने १९७१ मध्ये ‘जर्नी इन सच्चिदानंद’ काढलं, त्यात तिच्या हार्पमागे तंबोरा आहे. १९८३ मध्ये तिने कॅलिफोर्नियात आश्रम उभारला आणि तिथे ती संस्कृत भजनं गाऊन घेत असे. इतकी वर्षं कुणी फॅशन सांभाळत नाही.

राहिली शांत प्रार्थना. कोल्ट्रेनचे आजोबा कृष्णवर्णीयांच्या मेथडिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. आयलर लहानपणी वडिलांबरोबर चर्चमध्ये वाजवायचा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या कितीतरी चर्चमध्ये उपदेशक बोलता बोलता गाऊ लागतो, गाता गाता ओरडतो आणि समोरचे लोक त्याला ओरडूनच साथ देतात. शांततेची अट तिथे कुणी घातलेली नाही. कोल्ट्रेन १७ जुलै १९६७ ला गेला. चार दिवसांनी न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स लूथरन चर्चमधल्या त्याच्या अंत्यविधीला आयलर सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला आणि तिथेही त्याने आवाज खाली आणला नाही.