फौजीची सुट्टी

दिघीला आमच्या घरात पलंगाखाली एक काळी ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात ह्यांचा नंबर, रँक आणि नाव. रँक दोनदा खोडून वर नवा लिहिलाय, आधी सॅपर, मग नाईक, मग हवालदार. हे सुट्टीवर यायचे तेव्हा मी कपाटातला एक खण रिकामा करून ठेवायचे. तो रिकामाच राहायचा. कपडे धुऊन वाळले की घडी घालून परत ट्रंकेत. "कशाला, जायचंच आहे," एवढंच म्हणायचे. 2018 ला 24 वर्षांची नोकरी करून पेन्शनवर आले, तरी आठ-नऊ महिने कपडे ट्रंकेतूनच काढत होते.

लोक म्हणतात, फौजीला सुट्टी भरपूर असते. कागदावर आहेच. वर्षाला 60 दिवस वार्षिक, शिवाय 30 दिवस कॅज्युअल. पण ती युनिटच्या सोयीने मिळते आणि ऑर्डर आली की बंद होते. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, फौजा पाकिस्तानच्या सीमेवर गेल्या आणि सुट्ट्या थांबल्या. हे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातले. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, रस्ता मोकळा करणारा आणि वेळ आली की सुरुंग पेरणारा. ह्यांना राजस्थानच्या सीमेवर सुरुंग पेरायला धाडलं. मी तेव्हा खडकीला एसएफ क्वार्टरमध्ये होते, म्हणजे नवरा फिल्डला असलेल्या कुटुंबांसाठीच्या सरकारी घरात, दिवस भरत आलेले. अख्ख्या इमारतीत पुरुष माणूस नाही, सगळ्यांचे नवरे फिल्डला. फेब्रुवारीत रात्री दोन वाजता पोटात कळा सुरू झाल्या, तेव्हा शेजारच्या पंजाबी भाभीने स्वतःचं झोपलेलं पोर खांद्यावर टाकून मला दवाखान्यात नेलं. त्या बाईचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही.

मुलगी झाल्याचं पत्राने कळवलं. पत्ता 56 एपीओ, म्हणजे फौजेचं टपालघर. त्यात गाव नसतं, जिल्हा नसतो. नवरा नक्की कुठल्या वाळूत उभा आहे ते मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. ऑक्टोबर 2002 मध्ये फौजा मागे घ्यायचं ठरलं, पण पेरलेलं काढायचं कुणी? सॅपरनीच. बाकी पलटणी परतत होत्या तेव्हा हे गुडघ्यावर बसून, एकेक वीत जमीन टोकरत सुरुंग शोधत होते. ह्यांनी लेकीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती भिंतीला धरून उभी राहत होती.

हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. ते दिवस देशाने मागितले, ह्यांनी मनापासून दिले, मीही दिले. माझा जीव तुटतो तो दुसऱ्याच दिवसांसाठी. जे सुट्टीचे म्हणून हातात पडले आणि तरी घराला लाभले नाहीत.

2009 मध्ये सासरे वारले. गावाकडच्या सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती. हे 30 दिवसांच्या सुट्टीवर झेलम एक्सप्रेसने आले. जम्मूहून पुण्याला येण्याजाण्यातच चार दिवस गेले. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतींसाठी 15 दिवस थांबावं लागतं, ते नियमाने बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण नोटीसच निघायला दोन आठवडे लागले. कधी साहेब मीटिंगला, कधी एक कागद कमी, कधी "उद्या या". हे नऊ वेळा एसटीने तालुक्याला गेले. आमचा धाकटा तेव्हा तीन वर्षांचा. सकाळी फाईल काखेत मारताना दिसली की तो ह्यांची चप्पल लपवून ठेवायचा. आणि ज्या माणसाने सुरुंगांना हात घातला, तो त्या कचेरीत हात जोडून उभा राहायचा.

सुट्टी संपली, हे गेले. मग मी गेले. कारकून म्हणाले, "मालकांना पाठवा, सही त्यांची लागेल." म्हटलं, मालक कुपवाड्याला आहेत. "मग आले की या." नोंद पडली पुढच्या वर्षीच्या सुट्टीत.

कोर्टाच्या बाबतीत ही अडचण इंग्रजांनासुद्धा कळली होती. 1925 पासून कायदा आहे. रणांगणावर किंवा तशा ड्युटीवर असलेला सैनिक हजर राहू शकत नसेल तर त्याच्यामागे निकाल लागू नये म्हणून दावा पुढे ढकलण्याची त्यात सोय आहे. कचेरीतल्या टेबलाला असं काही का नसावं? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पत्र देतं, पण फाईल पुढे सरकवणं त्यांच्या हातात नाही. माझं मागणं साधं आहे. सुट्टीचा दाखला दाखवला की अर्ज त्याच दिवशी पुढे जावा आणि काम कधी होईल त्याची तारीख लिहून मिळावी. बायको मुखत्यारपत्र घेऊन आली तर तिची सही चालावी. आता ई-हक्क या सरकारी वेबसाइटवर वारसनोंदीचा अर्ज घरबसल्या करता येतो, हे फार चांगलं झालं. आमच्या वेळी असतं तर पोराच्या वाट्याला बाप आला असता.

आणि आता तर सुट्टीच कमी झाली आहे. शेजारच्या घरातला मुलगा अग्निवीर आहे, लडाखला असतो. अग्निवीराला वर्षाला 30 दिवसच. चार वर्षांचे मिळून 120, आणि पुढे चारातल्या एकालाच कायम ठेवणार. मला ही योजना पटलेली नाही, स्पष्टच सांगते. पण आज विषय सुट्टीचा आहे.

तो मुलगा गेल्या आठवड्यात आला. घराच्या कागदांचं काम अडलंय, तोच फाईल घेऊन निघाला होता. ह्यांनी जिन्यातच अडवला. "तू घरी बस, आईच्या हातचं खा." तेव्हापासून रोज हे आणि त्याचे वडील जातात. ह्यांचा गुडघा दुखतो, तरी काल तीन तास रांगेत उभे होते. घरी येऊन चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, "अजून अठरा दिवस आहेत त्याचे. तेवढ्यात उरकतो."