जस्ताची चूक मान्य, डाईंगचा मुद्दा मात्र पटला नाही

काका, संक्रमण धातूंवरच्या (लोखंड, तांबं, क्रोमियम वगैरे) माझ्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. जस्त संक्रमण धातूंत घालणं चूक. लेख म्हणजे दहावीच्या पुस्तकातली यादी. आणि तिसरी, तुमच्याच शब्दांत: "सोलापूर सुताचं गाव आहे. मी डाईंगमध्ये 32 वर्षं काढली, तिथं रंग आणि पाणी. धातूचा काय संबंध?" (डाईंग म्हणजे सूत-कापडाची रंगाई.)

जस्ताबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ज्या धातूच्या अणूत किंवा त्याच्या एखाद्या आयनात (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूत) डी उपकवच, म्हणजे 10 इलेक्ट्रॉन मावणारा कप्पा, अर्धवट भरलेलं असतं, तो संक्रमण धातू. जस्ताच्या अणूत तिथं 10 इलेक्ट्रॉन, आयनातही 10च. तांब्याच्या अणूतही 10, पण मोरचुदातल्या तांब्याच्या आयनात 9 उरतात. खतांच्या दुकानात झिंक सल्फेट आणि मोरचूद शेजारी ठेवून बघा: एक पांढरं, दुसरं निळंशार. त्या एका इलेक्ट्रॉनच्या कमतरतेचा हा रंग. जस्ताचा परिच्छेद मी आज काढून टाकला.

यादीचा आरोपही मान्य. घाईत लिहिलं होतं.

डाईंगबद्दल मात्र मला बोलायचंच आहे, कारण हे धातू मी पहिल्यांदा पाहिले तेच डाईंगमध्ये. माझे मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका प्रोसेस हाउसला, म्हणजे कापड ब्लीच करून रंगवणाऱ्या कारखान्यात, होते. शाळेत असताना एका सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन गेलो, तेव्हा तिथं गोंधळ चालला होता. टॉवेलचा आख्खा लॉट ब्लीचिंगमधून बाहेर आला आणि मामांनी एक टॉवेल उजेडाकडे धरला, तर टाचणीच्या टोकाएवढी भोकं. आधी मागावर आळ आला, मग सुतावर. शेवटी जुन्या पाइपातला गंज सापडला.

गंजाचा कण कापडावर बसला की लोखंड त्या जागी ब्लीचिंगचं पेरॉक्साइड भसाभस फोडतं. लोखंडाला दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या आणि तीन गमावलेल्या, अशा दोन्ही अवस्थांत सहज जाता येतं, म्हणून ते पेरॉक्साइडला इलेक्ट्रॉन देतं, परत घेतं, पुन्हा देतं. त्यातून निघणारे आक्रमक कण कापसाचे धागे तोडतात. कण तेवढाच राहतो, भोक मात्र वाढत जातं. काका, ब्लीचिंगच्या पाण्यात तुम्ही सिक्वेस्टरिंगचं औषध टाकत होतात ना? ते अशा धातूंनाच बांधून ठेवायला. धातूशी संबंध नव्हता असं कसं म्हणायचं? रोज त्याच्याशीच तर झुंजत होतात!

आणि फिरोजी चादर. तुमचा टर्कॉईज ब्लू, तो रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे तांब्याचं थॅलोसायनिन. चार नायट्रोजनच्या मधोमध तांब्याचा एक अणू बसलेला. आपल्या रक्तातल्या हीममध्ये जवळपास तशाच चौकटीत लोखंड बसतं आणि ऑक्सिजन वाहतं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा घरातली फिरोजी चादर मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो. रंगाची ती स्टीलची टाकी गंजत नाही तीही क्रोमियममुळे. 304 स्टीलमध्ये ते सुमारे 18 टक्के असतं आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर धरतं. ओरखडा पडला तरी हवेत तो थर पुन्हा धरतो.

जाता जाता तुम्ही ॲल्युमिनियमचं पातेलं आणि कल्हईची आठवण करून दिलीत. ॲल्युमिनियम आणि कथील संक्रमण धातू नाहीत, बरोबर. स्वयंपाकघर फक्त संक्रमण धातूंवर चालतं असं मी म्हणणार नाही.

पण गावाबाहेर पडा. सांगोल्याकडे डाळिंबावर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण मारतात. एक टक्क्याचं करायचं तर 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, आणि भांडी प्लास्टिकची. फवारण्याआधी जुना शेतकरी लोखंडी विळ्याचं पातं त्यात बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, पानं करपतील. मग चुन्याची निवळी वाढवायची. लोखंड विरघळतं, तांबं पात्यावर बसतं. प्रयोगशाळेतला प्रयोग बांधावर, तोही विळ्यानं. त्याच शेतातल्या युरियासाठी लागणारा अमोनिया 1913 पासून कारखान्यांत लोखंडाच्याच उत्प्रेरकावर तयार होतोय.

म्हणून "सुताच्या गावाला काय त्याचं" हे मला मान्य नाही. पुढचा लेख मी ब्लीचिंग आणि रंगाईवरच लिहिणार आहे, आणि त्यासाठी तुमची मदत हवी. तुमच्या काळात बोअरच्या पाण्यातलं लोखंड कसं ओळखायचात, आणि लॉट लावण्याआधी पाणी कोण तपासायचं? सवडीनं लिहा, काका.